पेठ तालुक्यातील तीव्र कुपोषित मुलांसाठी नाशिकहून नेमके काय पाठवावे?

प्रश्न : गंगापूररोडकर

नमस्कार. आम्ही काही निवृत्त सहकारी दरवर्षी पेठ तालुक्यातील काही पाड्यांवरच्या अंगणवाड्यांना दप्तरे, स्वेटर असे साहित्य देत असतो. यंदा तेथील सेविकाताईंशी बोलताना असे समजले की, त्यांच्याकडची काही मुले ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित श्रेणीत आली आहेत. साहजिकच आमच्या गटात या वर्षीचा निधी त्या मुलांच्या आहारासाठी वापरावा असे ठरले. प्रोटीन पावडरचे डबे, दूध पावडर, सुकामेवा आणि लोहाचे टॉनिक अशी यादीही तयार झाली आहे. खरेदी करण्याआधी जाणकारांना विचारावे, म्हणून हे लिहीत आहे.

एक गोष्ट आम्हाला उलगडली नाही. एका पाड्यावरील दोन मुलांपैकी एक अगदी हडकुळे आहे, त्याच्या बरगड्या मोजता येतात. तरी त्याच्यावर अंगणवाडीतच उपचार चालू आहेत. दुसरे मूल चेहऱ्याने भरलेले, जवळजवळ गुटगुटीत दिसते. त्याला मात्र पोषण पुनर्वसन केंद्रात ताबडतोब दाखल करा, असे सेविकाताई सांगत आहेत आणि त्याची आई तयार नाही. यात काही गल्लत तर होत नाही ना? आणि आमच्या यादीतील कोणत्या वस्तू पाठवाव्यात?

उत्तर : बालरोग_नाशिकरोड

गल्लत अजिबात नाही. सेविकाताईंनी दोन्ही मुलांच्या बाबतीत योग्य तेच केले आहे आणि दुसऱ्या मुलाच्या आईची समजूत काढण्यात आपला गट मदत करू शकला, तर ती कोणत्याही डब्यापेक्षा मोठी मदत ठरेल.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलात तीव्र कुपोषण तीन प्रकारे ओळखतात. उंचीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणकापेक्षा उणे तीन प्रमाण विचलनाखाली, म्हणजे सरासरीपेक्षा फारच कमी असणे, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे, किंवा दोन्ही पायांवर कुपोषणाची सूज असणे. यांपैकी एकही लक्षण पुरेसे असते. सूज असलेल्या मुलाचे वजन पाण्यामुळे फुगलेले असते, चेहरा भरलेला दिसतो आणि घरच्यांना मूल धष्टपुष्ट वाटते. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरले आणि बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला, तेही दोन्ही पायांवर, तर त्या मुलाला आपल्याकडच्या पद्धतीनुसार दाखल केले जाते. हडकुळ्या मुलाला ताप नाही, श्वास वेगाने चालत नाही, ते सावध आहे आणि समोर ठेवलेला आहार भुकेने खाते, एवढे तपासून झाले असेल, तर त्याच्यावर घरी राहून उपचार करता येतात. या तपासणीत भूक सर्वांत महत्त्वाची मानावी, कारण तीव्र कुपोषित मूल जेव्हा खाणेच नाकारते, तेव्हा बहुधा आत जंतुसंसर्ग किंवा चयापचयाचा गंभीर बिघाड असतो, आणि अशा मुलाला ताप येईलच असे नाही. त्याचे अंग उलट गार पडते.

आता आपल्या यादीविषयी. ती सद्भावनेने केली आहे, तरीही ती बाजूला ठेवावी असे मी स्पष्टपणे सुचवतो. कारण थोडे सविस्तर सांगतो. दीर्घकाळ अपुरे अन्न मिळालेले शरीर तग धरण्यासाठी स्वतःचे सगळे काम मंद करते. यकृत कमी प्रथिने तयार करते, हृदयाचे आकुंचन दुबळे होते, मूत्रपिंडांची जास्तीचे मीठ आणि पाणी बाहेर टाकण्याची क्षमता घटते, पेशींच्या आवरणावरील सोडियम बाहेर काढणारी यंत्रणा मंदावते. परिणामी पेशींत सोडियम साचते आणि पोटॅशियम निघून जाते. अशा मुलाला पहिल्याच दिवशी भरपूर प्रथिने आणि उष्मांक दिले की इन्शुलिन एकदम वाढते, रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरते, आणि हृदय अचानक वाढलेला भार पेलू शकत नाही. खायला घातल्यानंतर मूल दगावते, ते असे.

म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाला सुरुवातीला एफ-७५ नावाचे दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिने असतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसभरात सुमारे १३० मिलिलिटर एवढेच द्यायचे. सूज फार असेल तर त्याहून कमी, सुमारे १००. या टप्प्यात वजन वाढवणे हा हेतूच नसतो. सुजेच्या मुलाचे वजन तर या दिवसांत घटते, आणि ते घटणे हे सुधारणेचे लक्षण असते. आयांना हे आधी सांगितले नाही, तर त्या घाबरून मुलाला घेऊन निघून जातात. सूज उतरू लागली, भूक परतली, की एफ-१०० किंवा तत्सम घट्ट उपचारात्मक आहाराकडे हळूहळू वळतात. त्यात तेवढ्याच दुधात १०० किलोकॅलरी आणि सुमारे २.९ ग्रॅम प्रथिने असतात. मग मात्र मूल प्रचंड खाते, आणि प्रति किलो दररोज १० ग्रॅमपेक्षा अधिक वजनवाढ झाली, तर ती उत्तम समजतात.

लोहाच्या टॉनिकलाही हाच नियम लागू आहे. सुरुवातीच्या दिवसांत लोह दिल्यास जंतुसंसर्ग बळावण्याचा धोका असतो, त्यामुळे मूल रक्तक्षयी दिसत असले तरी वजन वाढू लागेपर्यंत ते देत नाहीत. जुलाब झालेल्या मुलाला सलाइन लावा असा आग्रह नातेवाईक धरतात, तोही टाळावा लागतो. शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याची अवस्था, नसेल तर शिरेतून पाणी देणे या मुलांच्या हृदयाला झेपत नाही. जीवनरक्षक क्षारसंजीवनीसुद्धा नेहमीच्या मुलांना देतो त्या प्रमाणात आणि त्या वेगाने देत नाहीत, पोटॅशियमची जोड देऊन घोटाघोटाने देतात.

रुग्णालयांतील या मुलांचे मृत्यू १९५० च्या दशकापासून जवळपास तसेच, अनेक ठिकाणी २० ते ३० टक्के राहिले, असा आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. औषधे नव्हती म्हणून नव्हे, तर क्रम चुकत होता म्हणून. ढाक्याच्या अतिसार संशोधन रुग्णालयात हाच क्रम काटेकोर पाळल्यावर मृत्यूचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले, हा अनुभव १९९९ मध्ये नोंदवला गेला. साखरेचे पाणी, अंग उबदार ठेवणे, प्रतिजैविक, मोजून आहार: यात महागडे काहीच नाही.

आणखी एक बाब. दोन वर्षांखालील मुलांसाठीची दूध पावडर वाटण्याचा विचार असेल, तर १९९२ च्या शिशु दुग्ध पर्याय कायद्यानुसार अनाथालये वगळता असे पदार्थ आणि दुधाच्या बाटल्या दान करण्यास मनाई आहे. पाड्यावरील पाण्याने कालवलेली पावडर आणि स्तनपानात पडलेला खंड यांचा हिशेब शेवटी जुलाबांत होतो, म्हणून हा कायदा योग्यच आहे.

उत्तर : पर्यवेक्षिका_सुरगाणा

डॉक्टरसाहेबांनी उपचाराची बाजू मांडली. मी अंगणवाडीची बाजू सांगते, कारण या मुलांपैकी बहुतेकांचा उपचार रुग्णालयाच्या दारापर्यंत जातच नाही, आणि जाण्याची गरजही नसते.

प्रथम एक खुलासा. सेविकेच्या नोंदीत ‘तीव्र कमी वजनाचे’ आणि ‘सॅम’ असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला वयाच्या मानाने वजनावर ठरतो, दुसरा उंचीच्या मानाने. जन्मतःच कमी वजनाचे, बुटके राहिलेले मूल पहिल्या रकान्यात येते, पण ते सॅम असेलच असे नाही. देणगीदार येतात, पहिल्या रकान्याचा आकडा पाहतात आणि तेवढ्या मुलांसाठी पाकिटे आणतात. आपण सेविकेकडून सॅम मुलांची उंची, वजन, दंडघेर आणि सूज अशी वेगळी नोंद बघून घ्यावी.

सॅम पण गुंतागुंत नसलेल्या मुलासाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र, म्हणजे व्हीसीडीसी चालवतात. तेथे मुलाला घट्ट, उष्मांकयुक्त आहार दिवसातून अनेकदा थोडा थोडा दिला जातो. त्यात ईडीएनएफची, म्हणजे भरपूर उष्मांक असलेल्या पोषक आहाराची पाकिटे असतात, शिवाय अंगणवाडीत शिजवलेले अन्न असते. आशाताई औषधे देते, वजन नियमित घेतले जाते. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांतल्या मुलांना अमृत आहार योजनेतून महिन्यातील १६ दिवस अंडी किंवा केळी मिळतात, ती वेगळी. कागदावर ही साखळी चांगली आहे. ती जिथे तुटते, ती जागा आहाराची नसते, वेळेची असते.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर जाते आणि दिवे लागताना परत येते. मूल आजीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ असते. नागलीची (नाचणीची) पातळ पेज दिवसातून दोन वेळा पोटात गेली की पोट भरते, पण त्या पेजेत पाणीच जास्त. याच महिन्यांत जुलाब आणि ताप येतो, घरातले धान्य संपत आलेले असते. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि व्हीसीडीसीत अर्धे बरे झालेले मूल त्यांच्याबरोबर निघून जाते. स्थलांतरित म्हणून नोंद झाली असेल, तर त्याला बागेजवळच्या गावातील अंगणवाडीत आहार घेता येतो. पण त्या सेविकेला हे मूल आपल्या गावात आले आहे हे कुणीतरी सांगावे लागते.

आई तयार नाही, असे आपण लिहिले आहे. ती का तयार नाही, हे कुणी विचारले आहे का? पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावे लागते. तिथे आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, हे खरे. पण मजुरी हातात पडायला वेळ लागतो, घरी मागे दोन मुले असतात, म्हैस किंवा शेळ्या असतात, आणि नवरा कामावर गेला की त्यांच्याकडे बघायला कोणी नसते. ‘आईला मुलाची काळजी नाही’ असे शहरातील मंडळींच्या तोंडून ऐकले की मला राग येतो, हे इथे नमूद करते.

उत्तर : नागलीची_भाकर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण पाकिटांविषयी माझा आक्षेप आहे. ज्या भागात नागली, वरई, उडीद, कुळीथ आणि खुरासणी (कारळे) पिकते, तेथील मुलांना कारखान्यातून आलेली भुकटी किंवा शेंगदाण्याचे पाकीटबंद मिश्रण खायला घालणे हा धोरणाचा पराभव आहे. नागलीत दर १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, खुरासणीत तेल भरपूर असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानेही २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते की, पाकीटबंद उपचारात्मक आहार हे स्वीकारलेले धोरण नाही. एकदा पाकिटांची सवय लागली, की पुरवठादार कायमचा येऊन बसतो आणि कुटुंबाचे स्वतःचे अन्न कमी प्रतीचे ठरते. गंगापूररोडकरांच्या निधीतून स्थानिक बचतगटाला नागली-शेंगदाण्याचे लाडू करायला लावावेत, असे मी सुचवतो.

उत्तर : बालरोग_नाशिकरोड

आपल्या आक्षेपातील पुरवठादाराविषयीची भीती मला मान्य आहे आणि लाडवांनाही माझा विरोध नाही. परंतु उपचार आणि रोजचा आहार यांत फरक ठेवावा लागेल.

शेंगदाणे, दूध भुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण असलेली ती पेस्ट १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे उघडल्यावरही जंतू सहज वाढत नाहीत. शिजवावे लागत नाही. आणि सुमारे ९२ ग्रॅमच्या एका पुडीत ५०० किलोकॅलरी मावतात. तोपर्यंत एफ-१०० हे दूध असल्यामुळे ते देण्यासाठी मुलाला रुग्णालयातच ठेवावे लागत असे. मलावी, इथियोपिया आणि सुदानमध्ये २००१ ते २००५ या काळात गावपातळीवर उपचार झालेल्या सुमारे २३ हजार ५०० मुलांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतील ७९ टक्के बरी झाली होती, सुमारे ४ टक्के दगावली होती, आणि तीन चतुर्थांश मुलांना एकदाही दाखल करावे लागले नव्हते. त्यानंतर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी ही पद्धत संयुक्त निवेदनाद्वारे स्वीकारली.

आपल्याकडचे चित्र इतके सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूतील ९०६ मुलांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जास्तीत जास्त १६ आठवड्यांच्या उपचारानंतर भारतात स्थानिक पातळीवर बनवलेल्या पेस्टवरील सुमारे ५७ टक्के, बाजारातील प्रमाणित पेस्टवरील ४७.५ टक्के आणि घरीच शिजवलेल्या वाढीव आहारावरील ४३ टक्के मुले बरी झाली. म्हणजे स्थानिक पेस्ट सरस ठरली, पण घरचा आहारही अगदी निकामी ठरला नाही. त्या चाचणीत घरच्या आहाराचे साहित्य कुटुंबांना पुरवले जात होते आणि तो कसा द्यावा याचे मार्गदर्शन नियमित होत होते, हे मात्र विसरू नये. उपचार थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत अनेक मुलांची प्रकृती पुन्हा घसरली. पर्यवेक्षिकाताई ज्या वेळेच्या प्रश्नाविषयी बोलत आहेत, तोच तेथे उभा राहिला असावा, असे माझे मत आहे.

नागलीविषयी एवढेच, की ती उत्तम धान्य आहे, पण तीव्र कुपोषित मुलासाठी एकटी पुरत नाही. त्याचे पोट लहान असते आणि धान्य-कडधान्यांतील फायटेट या नैसर्गिक घटकामुळे जस्त आणि लोह नीट शोषले जात नाही. म्हणूनच उपचारात्मक आहारातील किमान निम्मी प्रथिने दुधातून यावीत, अशी अट आहे. बचतगटाच्या लाडवाने मध्यम कुपोषित मुलाला आणि बऱ्या होऊन घरी परतलेल्या मुलाला नक्की आधार मिळेल. सुजेच्या मुलाला पहिल्या आठवड्यात तो लाडू देऊ नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये कुपोषित मुलांच्या व्यवस्थापनाची कार्यपद्धती जाहीर केली आहे. तिच्यातही भूक चाचणी, वैद्यकीय तपासणी, आहार, औषधे आणि नंतरचा पाठपुरावा अशीच पायऱ्यांची रचना आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. यादी रद्द केली आहे. आता दोन नेमके प्रश्न. घरी उपचार घेणाऱ्या मुलाच्या नेहमीच्या जेवणात सहज करता येईल असा बदल कोणता? आणि निधी आहारावर नाही, तर मग कशावर खर्च करावा?

उत्तर : बालरोग_नाशिकरोड

पहिल्याचे उत्तर तेल. एक चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ किलोकॅलरी, आणि त्यामुळे वाटीतील अन्नाचा आकार वाढत नाही. पेजेऐवजी घट्ट खिचडी किंवा नागलीचे सत्त्व, त्यात प्रत्येक वेळी चमचाभर तेल, भाजलेल्या शेंगदाण्याचा किंवा खुरासणीचा बारीक कूट, आणि उपलब्ध असेल तेव्हा अंडे किंवा दूध. दिवसातून पाच-सहा वेळा, वेगळ्या वाटीत, म्हणजे मुलाने किती खाल्ले ते कळते. अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि ते आधी पाजावे. व्हीसीडीसीचा आहार याच्या आधी द्यायचा, घरचा नंतर. वजन दोन आठवडे वाढलेच नाही, तर आहार वाढवत बसू नये. क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात.

उत्तर : पर्यवेक्षिका_सुरगाणा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवावे, म्हणजे सेविकेवर नंतर प्रश्न येत नाहीत. त्यानंतर, सुजेच्या मुलाच्या आईला केंद्रात पोहोचवणारे आणि परत आणणारे वाहन, तिच्या घरी मागे राहणाऱ्या मुलांसाठी १४ दिवसांचे किराणा सामान, आणि पाड्यावरच्याच एखाद्या बाईला त्या मुलांकडे बघण्याचे रोजचे पैसे, एवढी सोय झाली तर माझ्या अनुभवात बहुतेक आया जायला तयार होतात. बुडीत मजुरी मिळेपर्यंत तेवढी रक्कम उसनी द्यायची सोय केली, तर अधिकच बरे. आवणीच्या काळात व्हीसीडीसीतील मुलांना दुपारी भरवण्यासाठी सेविका आणि मदतनीस यांच्याव्यतिरिक्त एक जास्तीचा हात लागतो, त्याचे मानधनही आपण देऊ शकता. अंगणवाडीतील वजनकाटा आणि उंचीमापक चालू स्थितीत आहेत का, तेही विचारून घ्या; लहान मुलाची लांबी झोपवून मोजायची फळी अनेकदा मोडलेली असते, आणि ती नसली की श्रेणीच चुकते.

त्या आईला भेटायला जाताना सोबत आशाताईला न्या आणि शक्यतो नवरा व सासू घरी असतील अशा वेळी जा, कारण निर्णय तिच्या एकटीचा नसतो. केंद्रात मुलाचे वजन पहिले काही दिवस घटेल, हे घरच्या सगळ्यांना तेव्हाच सांगून ठेवा. मूल परत आले की पाठपुराव्याच्या तारखा कार्डावर लिहिलेल्या असतात. कुटुंब बागेत निघण्याआधी ते कार्ड आणि ज्या गावी जाणार त्याचे नाव मला कळवले, तर तेथील सेविकेशी मी बोलेन. द्राक्षछाटणीचे मुकादम दिवाळीच्या आधीच गाड्या ठरवतात, त्यामुळे ही नावे दसऱ्याच्या सुमारास गोळा करायला लागा.